डोक्यावर शून्य असलेलं अक्षर

मेचा दुसरा रविवार, पारा चव्वेचाळीसवर,
कूलर कोरडा, कारण नळ आता थेट गुरुवारी.
आम्ही जेवणाच्या टेबलावर नॉर्वे पसरला.

यामिनीनं चार कागद चिकटवून छापून आणलाय.
देशाच्या काठाला जिथं-तिथं समुद्र आत शिरलेला.
"उंदरानं कुरतडलेली टॉवेलची कड की हो ही,"
मामय्या म्हणाले, आणि पुन्हा गप्प.

रघुराम हिशेब मांडतोय वहीच्या मागच्या पानावर:
माणसं पाच, दिवस नऊ,
विमानाचा आकडा त्यानं हातानं झाकून लिहिला.
एक कॉफी चारशे रुपये.
म्हणजे घोटाघोटानं एक आख्खी चादर गिळायची,
पाच जणांनी पाच.
"आपण चहाची पूड नेऊ," मी म्हणाले,
आणि कडक भाकरी, आणि शेंगाचटणी दोन किलो.
चटणीचं वजन बॅगेत धरायचं की पिशवीत
यावर अर्धा तास गेला.

यामिनीला बोट पाहिजे, देवमासा पाहिजे,
लाल रंगाचं लाकडी घर पाहिजे, खिडकीशी झोपायला.
अत्तम्मांचा प्रश्न एकच:
"दिवेलागण किती वाजता?"
शोधलं. जूनमध्ये सूर्य साडेअकराला बुडतो
आणि पावणेचारला तोंड धुऊन परत हजर.
मधे अंधार असा पडतच नाही.
"मग संकष्टी कशी सोडायची मी?"
चंद्र रात्री एकच्या पुढं, तोही फिकट, उजेडातच.
त्या म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी घर राखते."
नातीचं नाव यामिनी त्यांनीच ठेवलं होतं.

तेवढ्यात मामय्या उठले,
कपाटाच्या तळातून एक टॉवेल काढला,
पांढरा, आता ताकाच्या रंगाचा,
मधोमध निळ्या धाग्यात एक इंग्रजी ए.

"अक्कलकोट रोडला जकार्डवर होतो तेव्हाची ऑर्डर.
तिकडच्या कुठल्या हॉटेलची. अकरा हजार नग.
नमुन्यात या अक्षराच्या डोक्यावर शून्य होतं बघ.
मला वाटलं छापणाऱ्याची चूक. मी काढलं.
एक पाळी, दोनशे नग, बिनशून्याचे.
मालकानं पगारातून कापले,
माल मंगळवार बाजारात गेला किलोवर.
अर्ध्या सोलापूरनं अंग पुसलं त्याला."

कुणी हसलं नाही.
मग अत्तम्माच हसल्या, पदर तोंडाला लावून:
"त्या दिवाळीला मला साडी नव्हती, ती याच्यामुळं होय?"

यामिनीनं नकाशावर बोट ठेवलं, पश्चिमेच्या काठाला.
ओलेसुन. पहिलं अक्षर ए, डोक्यावर शून्य.
मामय्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि स्वतःचं बोट तिच्या बोटाच्या जागी टेकवलं.
चाळीस वर्षं धाग्यांच्या गाठी मारलेलं बोट.
गाव पूर्ण झाकलं गेलं.
"शून्य खरंच होतं की," ते म्हणाले.

अर्जात विचारलंय, प्रवासाचं कारण.
रघुरामनं लिहिलं: पर्यटन.
मामय्या म्हणाले, "तसंच लिही, दुसरं काय लिहिणार?"
पण टॉवेल परत कपाटात ठेवला नाही,
खुर्चीच्या पाठीवर टाकला, हाताशी.

आकडा अजून बसत नाही.
जून नाही तर पुढचा जून, असं ठरलं,
म्हणजे काहीच ठरलं नाही.
अत्तम्मांनी मात्र काल विचारलं
तिकडं कापूर नेऊ देतात का.

गुरुवारी पहाटे चारला पाणी आलं.
पिंप भरलं, कळशा, पातेली, मग डबेसुद्धा.
गल्लीत सगळ्यांच्या मोटारी एकदम घुमायला लागल्या.
ओले हात पुसायला हाताला आला तोच टॉवेल.
तिथं आत्ता रात्रीचे साडेबारा,
खिडकीबाहेर ताकाच्या रंगाचा उजेड असेल,
आणि कुणीतरी न झोपलेलं
तोंड पुसत असेल बरोबर अक्षराला.